नाक तुटलेले देव : प्राचीन इजिप्तच्या मूर्तींविषयी थोडेसे



गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातली सात-आठ कुटुंबे मिळून आम्ही एका रविवारी ब्रिटिश म्युझियमला गेलो होतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहेच. बाहेर पाऊस, घरात कंटाळलेली मुले आणि प्रवेश फुकट! मराठी माणसाला आणखी काय हवे? (पार्किंगचे मात्र विचारू नका.) तळमजल्यावर चार नंबरच्या दालनात इजिप्तची मोठमोठी दगडी शिल्पे आहेत. तिथे दोन गोष्टी घडल्या आणि त्यातून हा लेख निघाला.

पहिली गोष्ट म्हणजे एका चिमुरडीने विचारलेला प्रश्न : "यांची सगळ्यांची नाकं कोणी तोडली?" आम्ही मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुसरी गोष्ट अशी, की आमच्याबरोबर नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी होत्या. सिंहिणीचे तोंड असलेल्या काळ्या दगडाच्या एका देवीसमोर त्या थांबल्या, पायातले बूट अर्धवट काढले आणि हात जोडले. अकरा वर्षांचा नातू अगदी ओशाळला. "आजी, इथं असं नाही करायचं. हा नुसता पुतळा आहे." आजी म्हणाल्या, "अरे, कुणीतरी कधीतरी हिला आई म्हटलंच असेल ना?"

तेव्हा सगळे हसले. पण परतताना ट्यूबमध्ये विषय तोच चालू राहिला. तो पुतळा आहे की मूर्ती? ज्यांनी घडवला त्यांना काय वाटत होते? मग आमच्यातल्या काहींनी लायब्ररीतून पुस्तके आणली, काहींनी म्युझियमच्या पाट्या पुन्हा जाऊन नीट वाचल्या. जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

सुरुवात एका शब्दापासून करू. प्राचीन इजिप्तच्या भाषेत मूर्तिकाराला 'सांख' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ 'जिवंत करणारा'. म्हणजे मूर्तिकार दगडाला नुसता आकार देतो असे ते मानत नव्हतेच. माणसाच्या अस्तित्वाचे अनेक भाग असतात, त्यातला एक 'का', म्हणजे जीवनशक्ती. माणूस मेला तरी 'का' उरतो, त्याला अन्न लागते आणि बसायला जागा लागते. शरीर कुजले तर? म्हणून ममी. आणि ममीचेही काही बरेवाईट झाले तर? म्हणून दगडाची मूर्ती. दगड टिकतो, एवढा साधा हिशोब त्यामागे होता.

पण घडवून झाली की मूर्ती लगेच 'चालू' होत नसे. त्यासाठी एक विधी होता, त्याचे नाव 'मुख उघडणे'. पुरोहित सुतारकामातल्या वाकसासारखे एक हत्यार मूर्तीच्या ओठांना लावी, बैलाचा पुढचा पाय अर्पण करी, धूप, पाणी, तेल, वस्त्र असे सगळे यथासांग होई. या विधीची तपशीलवार चित्रे थडग्यांच्या भिंतींवर आहेत आणि अभ्यासकांनी त्याचे ७५ प्रसंग मोजले आहेत. विधी झाला की मूर्तीला दिसू लागे, ऐकू येई, श्वास घेता येई, खाता येई. ममीवरही हाच विधी करत.

हे वाचताना आपल्यापैकी प्रत्येकाला प्राणप्रतिष्ठा आठवणार. आम्हालाही आठवली. गणपतीच्या मूर्तीत प्राण आणताना गुरुजी डोळ्यांना, हृदयाला स्पर्श करतात ते डोळ्यांसमोर आले. साम्य आहे आणि ते मोठे आहे. पण म्हणून 'इजिप्तचे देव आपल्याकडूनच गेले' असे जे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरत असतात, त्यांना आमचा हात जोडून नमस्कार! दोन वेगळ्या माणसांना एकच गरज वाटू शकते, त्यासाठी एकाने दुसऱ्याची नक्कल करायला लागत नाही.

'का'साठी बसायला जागा, याचे फार सुंदर उदाहरण सक्कारा इथे आहे. इ.स.पू. २६५० च्या सुमारास जोसर राजासाठी पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड बांधला गेला. इतका मोठा दगडी पिरॅमिड त्याआधी कोणी बांधला नव्हता, आणि तो बांधण्याचे श्रेय इमहोतेप या त्याच्या अधिकाऱ्याला देतात. त्याच्या उत्तर बाजूला एक छोटी बंद कोठडी आहे. दार नाही, खिडकी नाही. आत राजाची बसलेली मूर्ती आणि समोरच्या भिंतीत तिच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन भोके. बस्स. त्या भोकांतून राजा उत्तरेच्या आकाशाकडे बघतो, जिथले ध्रुवाजवळचे तारे कधी मावळत नाहीत. न मावळणारे म्हणजे न मरणारे. मूळ मूर्ती आता कैरोच्या म्युझियममध्ये आहे आणि कोठडीत तिची प्रतिकृती ठेवली आहे. आमच्यातले एक जोडपे तिथे जाऊन आले आहे. त्या भोकाला डोळा लावल्यावर आतून कोणीतरी आपल्याकडे बघते आहे असे दिसले, आणि 'छातीत धस्स झाले' असे ते सांगतात.

आता एक गैरसमज दूर करू, जो आमचाही होता. म्युझियममध्ये दिसणाऱ्या या प्रचंड मूर्ती म्हणजे गाभाऱ्यातले देव, असे आपण धरून चालतो. तसे बहुतेक वेळा नाही. गाभाऱ्यातली मूर्ती लहान असे, उचलता येईल अशी, आणि सोन्याचांदीची किंवा सोन्याने मढवलेली. देवांचे मांस सोन्याचे, हाडे चांदीची आणि केस निळ्या लाजवर्दी खड्याचे, अशी त्यांची कल्पना होती. साहजिकच त्या मूर्ती लुटल्या गेल्या, वितळवल्या गेल्या, आणि आज फारच थोड्या शिल्लक आहेत. दगडाच्या ज्या उरल्या त्या बहुतेक दारातल्या, अंगणातल्या, दर्शनी भागातल्या आहेत.

गाभाऱ्यात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. पहाटे पुरोहित अंघोळ करून जाई, दरवाजाचे मातीचे सील तोडी, देवापुढे लोटांगण घाली, स्तोत्र म्हणे, मूर्तीची सफाई करी, वस्त्र बदली, सुगंधी तेल लावी, नैवेद्य दाखवी आणि बाहेर पडताना आपल्या पावलांच्या खुणा झाडून टाकी. देवाने नैवेद्याचा गंध घेतला की तेच अन्न पुढे मंदिरातल्या बाकीच्या मूर्तींपुढे जाई आणि शेवटी पुरोहितांच्या घरी. (काकडआरती ते शेजारती सगळा दिनक्रम डोळ्यांसमोर येतो ना?)

सणाच्या दिवशी मात्र देव बाहेर पडे. कार्नाकच्या मंदिरातून आमून देवाची स्वारी 'ओपेत' सणाला लक्सरच्या मंदिरात जाई. होडीच्या आकाराच्या पालखीत पडद्याआड देव आणि खांद्यावर घेणारे पुरोहित. वाटेत लोक देवाला कौल लावत : माझी वस्तू अमक्याने चोरली का? पालखी पुढे झुकली तर होय, मागे सरली तर नाही. या दोन मंदिरांना जोडणारा, दोन्ही बाजूंना स्फिंक्सच्या रांगा असलेला सुमारे २.७ किलोमीटरचा रस्ता वाळूखालून आणि घरांखालून मोकळा करून नोव्हेंबर २०२१ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुला झाला. लक्सरच्या मंदिरातच आज अबू हग्गाग या मुस्लिम संताची मशीद आहे आणि त्याच्या उरुसात अजूनही होडी मिरवतात!

राजांच्या मूर्तींचीही पूजा होई, आणि त्याचा लेखी पुरावा आम्ही त्याच दालनात पाहिला होता, न कळता. रोझेटा स्टोन! त्याच्याभोवती एवढी गर्दी, की फोटोत दगडापेक्षा डोकीच जास्त आली. तीन लिप्या, १७९९ मध्ये सापडला, त्यावरून शांपोल्योंने १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली, एवढे सगळ्यांना शाळेपासून माहीत. पण त्यावर लिहिले काय आहे? तो इ.स.पू. १९६ चा पुरोहितांचा ठराव आहे : पाचव्या टॉलेमी राजाने मंदिरांना सवलती दिल्या, म्हणून प्रत्येक मंदिरात सर्वांत दर्शनी जागी त्याची मूर्ती बसवावी, तिची दिवसातून तीनदा सेवा करावी, आणि हा ठराव दगडावर तीन प्रकारच्या अक्षरांत कोरून त्या मूर्तीशेजारी लावावा. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध दगड हा मुळात एका मूर्तीशेजारची पाटी आहे. मूर्ती गेली, पाटी राहिली.

मग सामान्य माणसाने काय करायचे? त्यालाही वाट होती. मंदिराच्या मागच्या भिंतीवर किंवा छोट्या शिळांवर कान कोरलेले असत, एकदोन नव्हे, कधी कधी डझनावारी. देवाच्या कानाशी गाऱ्हाणे सांगायचे. शिवाय मधले दलालही होते! आमेनहोटेप तिसरा (इ.स.पू. सुमारे १३९० ते १३५२) या राजाचा हापूचा मुलगा आमेनहोटेप नावाचा एक अधिकारी होता. त्याने कार्नाकच्या दारात स्वतःच्या मूर्ती बसवून त्यांवर लिहून ठेवले, की तुमची मागणी मला सांगा, मी आमूनपर्यंत पोचवतो. लोक खरेच सांगत राहिले. पुढे हा माणूस देवपदाला पोचला.

पैसेवाले लोक मंदिराच्या अंगणात स्वतःची ठोकळ्यासारखी मूर्ती ठेवत. गुडघे छातीशी घेऊन, अंगावर घोंगडी ओढून बसलेला माणूस, वर फक्त डोके. आपल्याकडे शेकोटीपाशी म्हातारी माणसे बसतात ना, अगदी तसा. सपाट पृष्ठभागावर भरपूर मजकूर कोरता येतो हा एक फायदा, आणि बाहेर आलेले हात-पाय नसल्याने काही मोडत नाही हा दुसरा. त्यांवरचा मजकूर आम्हाला सर्वांत जास्त भावला. मूर्ती जाणाऱ्या-येणाऱ्याला विनवते : अहो, या वाटेने जाणाऱ्यांनो, माझ्या नावाने एक हजार भाकरी, एक हजार घागरी बिअर, बैल आणि पक्षी एवढे तोंडाने म्हणा. तुमचे काही खर्च होत नाही, नुसता तोंडचा वारा तर आहे. म्हटले, की ते अन्न त्याला पोचले. कारण नाव आणि शब्द यांत शक्ती आहे, हा त्यांचा पक्का विश्वास. त्याच दालनात शबाका राजाचा एक काळा दगड आहे (इ.स.पू. सुमारे ७१०). त्यावर प्ताह देवाने मनात कल्पना आणून आणि जिभेने नाव उच्चारून जग निर्माण केले, असे लिहिले आहे. पुढे कोणीतरी त्याच दगडाला भोक पाडून त्याची जात्याची तळी केली असे मानतात. सृष्टीच्या उत्पत्तीची कथा पिठाखाली झिजली!

आता आजींच्या देवीकडे येऊ.

तिचे नाव सेखमेट, अर्थ 'शक्तिमान'. गोष्ट अशी सांगतात, की रा, म्हणजे सूर्यदेव, म्हातारा झाला आणि माणसे त्याच्याविरुद्ध कट करू लागली. रागाने त्याने आपला डोळा देवीच्या रूपात खाली पाठवला. तिने माणसांचा संहार सुरू केला आणि तिला रक्ताची चटक लागली. मग रा घाबरला, सगळीच माणसे संपली तर कसे व्हायचे? त्याने सात हजार घागरी बिअर लाल रंगात कालवून शेतांत ओतली. देवीने ती रक्त समजून पोटभर प्याली, तर्र झाली आणि माणसे वाचली. साथीचे रोग म्हणजे सेखमेटचे बाण. पण गंमत अशी, की रोग बरे करणारीही तीच. तिच्या पुरोहितांना वैद्यकाचे ज्ञान असे आणि जुन्या वैद्यकीय पोथीत वैद्याच्या जोडीने सेखमेटच्या पुरोहिताचे नाव येते. रोग देणारी आणि रोग नेणारी एकच आई. मरीआई आणि शीतळा ज्यांच्या गावात आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको, आणि आजींना ते न वाचताच समजले होते!

त्याच आमेनहोटेप तिसऱ्याने तिच्या शेकडो मूर्ती घडवून घेतल्या, काही बसलेल्या, काही उभ्या. एकूण सातशेच्या वर असाव्यात असा अंदाज आहे. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक उभी आणि एक बसलेली असावी, म्हणजे दगडात कोरलेली वर्षभराची शांती, असा एक तर्क काही अभ्यासक करतात. सरत्या वर्षाचे शेवटचे पाच दिवस फार घातकी मानले जात आणि तेव्हा तिची मनधरणी करावी लागे. राजा आजारी होता का, की देशात साथ होती? तर्क बरेच आहेत. आम्हाला वाटते, एवढ्या मूर्ती भीतीशिवाय कोणी घडवत नाही. काळ्या ग्रॅनोडायोराइट दगडाचीही निवड आहे : काळा रंग म्हणजे नाईलच्या पुराने आणलेल्या सुपीक मातीचा, पुन्हा उगवण्याचा. तांबडा ग्रॅनाइट सूर्याचा.

सूर्यावरून ओबेलिस्ककडे. आपल्या लंडनमध्ये थेम्सच्या काठी 'क्लिओपात्राज नीडल' उभी आहे, तिचा क्लिओपात्राशी तसा काही संबंध नाही. ती तिसऱ्या थुटमोसने इ.स.पू. १४५० च्या सुमारास सूर्याच्या नगरीत, हेलिओपोलिसला उभारली. अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटचा अखंड दगड, उंची सुमारे २१ मीटर. हा नुसता विजयस्तंभ नव्हे. सृष्टीच्या आरंभी पाण्यातून जो पहिला उंचवटा वर आला, त्यावर पहिला सूर्यकिरण पडला. ओबेलिस्कचे टोक म्हणजे तो उंचवटा. टोकाला सोन्या-चांदीचा पत्रा मढवत, म्हणजे पहाटे गावात सर्वांत आधी तेच चमके. देवळाच्या दारात असे दोन दोन उभे करत. लंडनच्या सुईची जोडीदारीण १८८१ पासून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे, अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी जरूर बघावी. आपली सुई आणताना १८७७ मध्ये बिस्केच्या उपसागरात वादळ झाले, सहा खलाशी बुडाले, लोखंडी नळकांड्यासकट सुई वाहून गेली, सापडली आणि १८७८ मध्ये उभी राहिली. शेजारचे दोन ब्रॉन्झचे स्फिंक्स इथेच ओतलेले. त्यांची तोंडे बाहेर राखण करायच्या ऐवजी सुईकडेच वळवली आहेत. म्हणजे पहारेकरी घराकडे बघत बसलेत! अरबीत ओबेलिस्कला 'मिसल्ला' म्हणतात, म्हणजे गोणपाट शिवायची मोठी सुई. आपल्या भाषेत दाभण.

राहिला नाकांचा प्रश्न. पडून-झडून काही तुटली हे खरे, नाक पुढे आलेले असते. पण भिंतीवरच्या सपाट कोरीवकामातही नेमके नाकच छिन्नीने उडवलेले दिसते, ते कसे? ब्रुकलिन म्युझियमचे एडवर्ड ब्लाईबर्ग यांनी यावर एक प्रदर्शनच मांडले होते, २०१९ मध्ये. मूर्ती श्वास घेते असे मानायचे तर तिला 'मारायचे' कसे? नाक तोडून. ऐकू येऊ नये तर कान तोडून, दान देता येऊ नये तर हात तोडून. थडगे लुटणाऱ्याला मेलेल्याच्या सूडाची भीती, नव्या राजाला जुन्या राजाच्या नावाची, आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या देवांची. म्हणजे तोडणाऱ्यांचाही मूर्ती जिवंत असल्यावर विश्वास होता! गिझाच्या मोठ्या स्फिंक्सचे नाक नेपोलियनच्या तोफेने उडाले ही मात्र थाप. नेपोलियन जन्मायच्या आधीच, १७३७ मध्ये, नॉर्डेन नावाच्या डॅनिश प्रवाशाने काढलेल्या चित्रात ते नाक नाही.

प्रत्येक तोडफोड द्वेषानेच झाली असेही नाही. हॅटशेपसूट राणीच्या मूर्ती तिच्यामागून आलेल्या थुटमोसने सूडाने फोडल्या असे वर्षानुवर्षे सांगत. २०२५ मध्ये जुन यी वाँग या अभ्यासकाने उत्खननाच्या जुन्या नोंदी तपासून दाखवले, की बऱ्याच मूर्ती मान, कंबर आणि गुडघे इथे पद्धतशीर तोडलेल्या होत्या आणि चेहरे पुष्कळदा शाबूत होते. म्हणजे वापरातून काढण्यापूर्वी त्यांतली शक्ती काढून घेण्याची ती रीत असावी. भग्न मूर्ती आपण कचऱ्यात टाकत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो, त्याची आठवण झाली. कार्नाकच्या अंगणात १९०३ पासून लेग्रँ नावाच्या फ्रेंच माणसाला पाणी उपसत उपसत चिखलाखाली सातशेहून अधिक दगडी मूर्ती आणि सुमारे सतरा हजार ब्रॉन्झच्या मूर्ती सापडल्या. मंदिरात जागा उरली नाही तेव्हा पुरोहितांनी त्या आवाराच्या आतच, पवित्र जमिनीत पुरल्या होत्या.

चित्रलिपीतला शेवटचा माहीत असलेला लेख फिले बेटावरचा, २४ ऑगस्ट ३९४ चा. त्यानंतर हळूहळू या मूर्तींवरचे वाचणारे कोणी उरले नाही, ते थेट शांपोल्योंपर्यंत. चौदाशे वर्षे त्या ठोकळ्यासारख्या माणसांच्या नावाने भाकरी मागणारा कोणी नव्हता.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी : शुक्रवारी म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडे असते, तेव्हा गर्दी कमी. मुलांना शेणकिड्याची दीड मीटर लांबीची दगडी मूर्ती अवश्य दाखवा (शेणाचा गोळा ढकलतो तसा हा देव सूर्य ढकलतो) आणि तांबड्या ग्रॅनाइटचा तो नुसता प्रचंड हात.

आजी मार्चमध्ये नाशिकला परत गेल्या. त्याआधीच्या शुक्रवारी आम्ही काही जण पुन्हा गेलो होतो. या वेळी नातवाने एका ठोकळ्यासारख्या मूर्तीसमोर उभे राहून, आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री करून, मराठीत म्हटले : "हजार भाकरी, हजार घागरी बिअर, बैल आणि पक्षी." आजी मागून म्हणाल्या, "बैल नको रे. पिठलं म्हण."